आमचं पोर आजारी पडलं की पगार कट
लेखात म्हटलंय की पाळणाघरातल्या बायकांनी स्वतःच्या आजारी मुलासाठी सुट्टी घेतली तर तेवढे दिवस बिनपगारी धरणं "व्यवहाराला धरून" आहे. मी अकरा वर्षं हेच काम करतेय म्हणून लिहितेय. अहो दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसायची, उलट्या काढायच्या, त्यातलाच एखादा ताप आपण घरी घेऊन जातो आणि तो आपल्या पोराला होतो! वर नियम असा की ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय मूल पाळणाघरात आणायचं नाही, कांजिण्या असतील तर सगळ्या खपल्या धरेपर्यंत घरीच. नियम बरोबरच आहे, पण मग माझं पोर कोणी सांभाळायचं??

माझी एक सहकारी मुलाला सकाळी पॅरासिटामॉलचा डोस पाजून सोबत घेऊन यायची, दुपारी औषध उतरलं की पोरगं परत फणफणायचं, तोवर चार जणांना लागण झालेली. तिला बोल लावायचा की तिची तीन दिवसांची मजुरी कापणाऱ्याला, तुम्हीच सांगा.

मालकिणीचंही समजू शकते, बदली बाई आणायची तर पैसे दोनदा जातात, छोट्या पाळणाघराला ते झेपत नाही. पण स्वीडनमध्ये आजारी मुलासाठी घरी राहिलं तर त्या दिवसांचा भत्ता सरकारी विम्यातून मिळतो, पगाराच्या साधारण ८० टक्के, एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत, म्हणजे त्या दिवसांचा पगार मालकाला स्वतः द्यावा न लागताही जमतं की. आणि कमेंटमध्ये "मग नोकरी सोडा" लिहिणाऱ्यांनो, आम्ही सोडली तर तुमची पोरं कुठे ठेवणार आहात?