गारिंदन माहीत नाही? मग उठा सोफ्यावरून!

'स्टार वॉर्स'चे फॅन म्हणून मिरवायचंय? मग सिनेमा आवडणं वगैरे बाळबोध गोष्टी आधी डोक्यातून काढा. आवडतो काय, कोणालाही. फॅनकडे माहिती लागते, आणि ती समोरच्याकडे नसावी लागते.

सिनेमा नेहमी पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाबरोबर बघा. एकटे बसलात तर पॉझ कोणासाठी करणार?

त्याने 'पहिला भाग' म्हणताच 'चौथा!' म्हणून झापा. १९७७ला तो लागला तेव्हा पडद्यावर 'चौथा' असं काही नव्हतं, ते १९८१ला चिकटवलं, हे मात्र सांगू नका.

आधी गोळी तस्कर हानने झाडली की त्याला पकडायला आलेल्या ग्रीडोने, हा विषय जेवताना काढा.

आता खरी कसोटी. मॉस आइस्ली या अवकाशबंदराच्या गल्लीत सिनेमाचा नायक ल्यूक आणि त्याचा गुरू ओबी-वान पुढे, आणि मागे एक काळा झगा. डोळ्यांवर गॉगल, खाली सोंडेसारखं लोंबणारं नाक. गोदीपाशी हातातल्या यंत्रात काहीतरी घुरघुरतो आणि स्टॉर्मट्रूपर हजर. संपलं त्याचं काम. इथेच रिमोट हिसकावून घ्या आणि विचारा, "हा कोण?"

परवा घरी आलेल्या एका महाशयांनी माझ्या भाचीला हेच विचारलं. ती म्हणाली, "चुगलखोर." बरोबर की! पण महाशयांना नाव हवं होतं. "गारिंदन! कुबाझ जमातीचा! एवढंही माहीत नाही आणि स्टार वॉर्स बघतेस?" मग ती घुरघुर म्हणजे सिनेमाचे आवाज तयार करणाऱ्या बेन बर्टने सिंथेसायझरमधून काढलेला हॉलिवूड नट जॉन वेनचा आवाज, यावर प्रवचन. अहो, आपण ते कसं केलं हे खुद्द बर्टच वर्षानुवर्षं विसरला होता. पोरीला मात्र ते तोंडपाठ हवं! तोवर पडद्यावर सगळे गोठलेले. हानचं यान फाल्कन उडालं तेव्हा भाची खोलीत निघून गेली होती.

आणि गंमत ऐका. ते नाव त्या सिनेमात कोणीही, एकदाही घेत नाही. ते मागाहून ठेवलंय. पडद्यावर तो बिननावाचाच आहे आणि म्हणूनच त्याची भीती वाटते: त्या गावात गॉगल घातलेलं कोणीही तुम्हाला विकू शकतं, आणि ते कोण होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. भाचीला ते एका शब्दात कळलं होतं. तुम्हाला इतकी वर्षं बघून कळलं नाही, नुसती नावं पाठ झाली.

पाठ करा ना, कोण अडवतंय? मलाही आहेत. पण ती तपासायला दुसऱ्याच्या सिनेमात कशाला घुसता? पोरगी आता पुढचा भाग लावू देत नाही, "परत परीक्षा घेतील" म्हणते. शोभतं का हे, या वयात? पुढच्या वेळी यायचं असेल तर तोंड बंद ठेवून या, नाहीतर येऊच नका.