पुस्तक हवंच, पण सुनावणीनंतर

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय: पुणे महापालिकेचे सगळे उपविधी, म्हणजे महापालिकेनं केलेले स्थानिक नियम, एका पुस्तकात आणून ऑनलाइन टाकावेत. बहुतेकांचं मत, आयुक्तांनी एक आदेश काढावा आणि काम उरकावं. मागणी रास्त आहे. आदेशाच्या वाटेला मात्र माझा विरोध आहे.

मी न्यू जर्सीत राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या टाऊनशिपनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, आपले विखुरलेले जुने ऑर्डिनन्स (स्थानिक कायदे) एकत्र करून संहिता स्वीकारली. संकलन बाहेरच्या कंपनीनं केलं होतं, पण पुस्तक तयार झालं म्हणून ते कायदा होत नाही. त्यासाठी स्वतंत्र ऑर्डिनन्स लागतो. त्याचं पहिलं वाचन होतं, सुनावणीच्या किमान आठवडाभर आधी जाहीर सूचना निघते आणि पहिल्या वाचनानंतर किमान 10 दिवस गेल्याशिवाय अंतिम मंजुरी देता येत नाही. दरम्यान संहितेची प्रत टाऊनशिपचे कागद सांभाळणाऱ्या क्लार्कच्या कार्यालयात कुणालाही बघता येते.

मी दोनदा जाऊन ती चाळली. सगळ्यात मोलाचं वाटलं ते पहिलंच प्रकरण. कोणते ऑर्डिनन्स रद्द होणार, कर्जरोखे, पगार, रस्त्यांना दिलेल्या जमिनी असे कोणते तसेच राहणार, आधीचे दंड आणि खटले कसे चालू राहणार, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं. संकलन करताना जिथं अर्थ बदलला, त्या जागांचं वेगळं परिशिष्ट. संहितेच्या प्रतीत परस्पर फेरफार करणं हासुद्धा गुन्हा!

घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ घरमालकानं काढायची मुदत मात्र नव्या मसुद्यात कमी झाली होती आणि परिशिष्टात तिचा उल्लेख नव्हता. मला इथं मताचा अधिकार नाही, पण सुनावणीत बोलायला तो लागत नाही. मी उभा राहिलो आणि दोन्ही कलमं वाचून दाखवली. टाऊनशिपच्या वकिलांनी तिथंच पानं उलटून पाहिली. मतदान पुढं ढकललं गेलं आणि दुरुस्ती पुन्हा जाहीर झाली. पहाटे कामावर निघणाऱ्यांना आणि घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या काही तासांचं मोल कळतं.

मित्र डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीचा दाखला देतात. मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्यभर बांधकामाचे नियम एकसारखे झाले, सोय झाली, हे खरंच. पण ती राज्य सरकारची नियमावली. फेरीवाले, कचरा, मंडई यांचे नियम गावानं स्वतः करायचे असतात. आपल्याकडेही उपविधीचा मसुदा प्रसिद्ध करणं, हरकती मागवणं, महापालिकेची आणि मग राज्य सरकारची मंजुरी, असा रस्ता कायद्यात आहेच. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि सभेचे अधिकारही प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच गेले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. त्या काळाची सवय आपल्याला लागलीय, म्हणून ‘एक आदेश काढा’ हे इतक्या सहज तोंडी येतं. याची मला फार काळजी वाटते.

‘सुनावणी म्हणजे औपचारिकता’ असं एकानं लिहिलं. हरकतीला लेखी उत्तर मिळत नाही तोवर सुनावणी औपचारिकताच राहणार. तेव्हा तुम्ही निवेदन लिहिताय त्यात पुस्तकाबरोबर हरकतींना लेखी उत्तरही मागा, रद्द होणाऱ्या उपविधींची यादी मागा आणि बदललेल्या शब्दांचं परिशिष्टही. कोथरूडच्या घराचा मिळकतकर मी दरवर्षी भरतो. निवेदनावर माझी सही घ्या.