हवा येतेय की, मॅडम!

आषाढ लागला की पुण्यात कंबरेपर्यंत केस असलेली बाई सोमवारी न्हाते आणि बुधवारी वाळते. मधल्या काळात ती कार्यालयात जाते, बैठकांना बसते, भाजी आणते आणि जिथे जाईल तिथे खुर्चीच्या पाठीवर एक ओला ठसा सोडून येते. केस पंच्यात गुंडाळावेत, सोडावेत, झटकावेत, पंख्याखाली पसरावेत, तरी मानेवरचा पुंजका ओला तो ओलाच राहतो आणि पुढे त्याला असा कुबट वास येऊ लागतो, की लिफ्टमध्ये शेजारच्या काकू केवळ सौजन्यापोटी श्वास रोखून धरतात. आजीच्या काळी यावर उपाय होता. शेगडीत निखारे फुलवायचे, त्यांवर ऊद टाकायचा, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर केस पसरून आडवे व्हायचे. केस वाळत, सुगंधी होत आणि तेवढा वेळ बाईला कोणी काम सांगत नसे. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत हा प्रयोग केला, तर सोसायटीचे सचिव आधी अग्निशमन दलाला फोन करतील आणि मग मला नोटीस धाडतील. त्यामुळे हेअर ड्रायर ही आमच्या घरात चैनीची वस्तू कधीच नव्हती. मानाच्या उतरंडीत तिचे स्थान मिक्सरच्या खाली आणि इस्त्रीच्या वर होते.

माझा पहिला ड्रायर दिसायला ओबडधोबड होता. काळा रंग, मनगट भरून यावे एवढे वजन आणि अंगावर 2000 वॅटचा शिक्का. तो साध्या सॉकेटवर चालवायचा नाही, गीझरला असते तसे 16 अँपियरचेच सॉकेट हवे, हे वायरमनने पहिल्याच दिवशी बजावले होते. 6 अँपियर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 1380 वॅट, एवढे गणित त्याने भिंतीवरच पेन्सिलीने करून दाखवले आणि रंगकाम झाले नसल्यामुळे ते अजून तिथे आहे. हा ड्रायर सुरू झाला की समोरच्या दिनदर्शिकेची पाने श्रावणातून थेट मार्गशीर्षात जात. त्याच्या आवाजापुढे स्वयंपाकघरातून कोणी काय विचारले ते ऐकू येत नसे. ही सोय किमतीत धरलेली नव्हती. त्याने शाळेचे मोजे वाळवले, गणपतीच्या मखरावरचा ओला रंग वाळवला आणि एकदा ऐन श्राद्धाच्या दिवशी सासूबाईंचे सोवळेही वाळवले. ड्रायरच्या हवेने सोवळे मोडते का, यावर त्या थोडा वेळ विचारात पडल्या होत्या. परंतु आतली तार लालबुंद झालेली पाहिल्यावर तो अग्नीच आहे, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या अधिकारात दिला.

काही वर्षांनी त्याची वायर मुठीपाशी तुटली, ठिणगी उडाली आणि तो माळ्यावर गेला. त्याच्या जागी त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला, परंतु ‘सुधारित’ ड्रायर आणायचे ठरले. किंमत 14,999 रुपये. पहिल्याच्या जवळजवळ चौपट. दुकानातल्या तरुणाने आयन, सिरॅमिक आणि टूर्मलिन हे शब्द एवढ्या भक्तिभावाने उच्चारले, की त्यापुढे ‘केस वाळतात का’ असे विचारणे मला अशिष्टपणाचे वाटले. खोके मात्र खरोखर पाहण्यासारखे होते. चुंबकाने अलगद मिटणारे झाकण, आत मखमली अस्तर, वस्तू बाहेर काढण्यासाठी रेशमी फीत. ड्रायर गुलाबी सोनेरी रंगाचा, तळहातावर मावेल एवढा आणि आश्चर्य वाटावे इतका हलका. त्याच्या तळाशी, वाचता येऊ नये एवढ्या काळजीपूर्वक, 1200–1400 वॅट असे छापले होते. मी त्याबद्दल विचारले तेव्हा तो तरुण प्रसन्न हसून म्हणाला, “मॅडम, हा एनर्जी एफिशियंट आहे.”

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. वीज तारेतून गेली की तार तापते आणि खर्च झालेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. दिव्याच्या बाबतीत काटकसरीला वाव आहे, कारण तिथे हवा असतो प्रकाश आणि उष्णता नुसती वाया जाते. तापवण्याच्या कामात वीज मुळातच एवढी प्रामाणिक आहे, की तिला आणखी सुधारण्याची सोय नाही. 1200 वॅटमध्ये 1200 वॅटचीच ऊब असते. हां, वाऱ्याचा झोत जोरदार असेल तर कमी उष्णतेतही केस चांगले वाळतात, कारण निम्मे काम वारा करतो. पण त्यासाठी मोटार दमदार हवी, आणि या मोटारीची कहाणी पुढे येणार आहे. शिवाय ‘1200 ते 1400’ ही कमीजास्त करण्याची सोयही नव्हे. वॅट हे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे 220 व्होल्टवर 1200 वॅट देणारी तार 240 व्होल्टवर आपोआप 1400च्या घरात जाते. म्हणजे वरचा आकडा कंपनीचा नव्हेच, तो वीज मंडळाच्या कृपेचा आहे.

जाता जाता इतिहासही सांगून टाकते. 1890च्या सुमारास गोडफ्रॉय नावाच्या फ्रेंच केशरचनाकाराने गॅसच्या शेगडीच्या धुराड्याला नळी जोडून केस वाळवण्याचे यंत्र केले. बायका त्याच्या टोपाखाली जाऊन बसत. (आजीची टोपली त्यापेक्षा स्वस्त होती.) हातात धरण्याजोगे ड्रायर 1920च्या दशकात आले आणि त्यांची ताकद अवघी 100 वॅटच्या आसपास होती. माणसाने तिथून 2000 वॅटपर्यंत मजल मारली. आता सुधारणा करत करत आपण परतीच्या वाटेला लागलो आहोत, आणि पुढच्या दोन-तीन सुधारित आवृत्त्यांत 1920 गाठू, अशी मला आशा आहे.

सुरुवातीचे काही महिने नव्या ड्रायरने लाज राखली. नंतर त्याचा दम कमी होऊ लागला. पण तो इतक्या सावकाश, इतक्या सभ्यपणे कमी झाला, की अमुक दिवशी बिघडला असे बोट ठेवून सांगता येईना. दिनदर्शिकेचे पान आधी फडफडायचे, मग नुसते हलू लागले, मग खिडकी उघडी असेल तरच हलू लागले. वारा मंदावला की आतली तार अवाजवी तापते, मग सुरक्षेसाठी बसवलेली दोन धातूंची पट्टी वाकते आणि तारेची वीज तोडते. पट्टी निवली की वीज परत सुरू. परिणामी माझ्या डोक्यावर क्षणात वैशाख आणि क्षणात पौष असे ऋतुचक्र सुरू झाले. जळक्या केसांचा वास आणि ओले केस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच डोक्यावर असू शकतात, हे ज्ञान मला त्या काळात प्राप्त झाले.

घरातल्यांचे मत वेगळे होते. लेक म्हणाली, “आई, तुझे केस वाढलेत.” सासूबाई म्हणाल्या, “अगं, श्रावण आहे. हवेतच पाणी आहे, तो बिचारा काय करणार?” यजमानांनी ड्रायर कानाशी धरून ऐकला आणि आवाज पूर्वीसारखाच येतो आहे, असा निर्वाळा दिला. दोनशे रुपयांच्या कंगव्याचा दात तुटला असता तर हेच तिघे कंपनीच्या नावाने खडे फोडत बसले असते. वस्तू महाग असली की घरातली माणसे तिची वकिली करतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात गिऱ्हाईक उभे राहते.

ग्राहक सेवेच्या क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर एका मुलीने विचारले, “मॅम, मागची जाळी साफ केली होती का?” केली होती, जुन्या टूथब्रशने, दर रविवारी. “मग तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल.” ही शंका अगदीच टाकाऊ नव्हती, कारण व्होल्टेज 190पर्यंत घसरले तर या ड्रायरचे जेमतेम 900 वॅट उरतात. म्हणून यजमानांनी शेजारच्या अभियंत्यांचा मल्टिमीटर आणला आणि सॉकेटमध्ये 228 हा आकडा सर्वांदेखत पाहिला. मी तो कळवला. मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मॅम, मग सर्व्हिस सेंटरला दाखवून घ्या.”

सर्व्हिस सेंटरमध्ये मिक्सर आणि इस्त्र्या मांडीवर घेतलेल्या लोकांच्या रांगेत माझा क्रमांक आला तेव्हा काउंटरवरच्या तंत्रज्ञाने ड्रायर सुरू केला, त्यापुढे आपला तळहात धरला आणि डोळे मिटले. चौदा हजार नऊशे नव्याण्णव रुपयांच्या यंत्राची ही संपूर्ण शास्त्रीय तपासणी होती. “हवा येतेय की, मॅडम.” मी म्हटले, येते आहे, पण पूर्वीइतकी येत नाही. “पूर्वी किती यायची?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वारा कोणी मोजून ठेवतो का? दिनदर्शिकेचा पुरावा त्याने ग्राह्य धरला नाही. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले (त्याचे स्वतःचे केस लष्करी होते) आणि अहवालावर लिहिले: ‘उत्पादन कार्यरत. ग्राहकास समजावून सांगितले.’

तिथेच खुर्चीवर बसून मी हमीपत्र पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. यंत्र बंद पडले तर काय, जळले तर काय, सुरूच झाले नाही तर काय, या सर्वांची तरतूद त्यात होती. ते थकले तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हते. हमीपत्राला मरण मान्य आहे, म्हातारपण मान्य नाही. आणि ड्रायर एवढा हुशार, की त्याने मरायचे टाळून नेमके म्हातारे व्हायचे ठरवले होते. यजमान म्हणाले, “1915वर फोन कर, ग्राहक हेल्पलाइन आहे.” मी त्याआधी 2019चा ग्राहक संरक्षण कायदाच उघडला. त्यातली दोषाची व्याख्या वाचून मन भरून आले: दर्जा, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव म्हणजे दोष. सामर्थ्य! माझे दुःख संसदेने नेमक्या शब्दात मांडले होते. पुढे मात्र असेही होते, की चाचणीविना दोष ठरवता येत नसेल, तर वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवला जातो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरायला सांगता येते. ड्रायर प्रयोगशाळेत, पैसे ग्राहक आयोगात आणि मी ओल्या केसांनी निकालाची वाट पाहत, हे चित्र काही मनाला उभारी देणारे नव्हते.

शेवटी दोन्ही ड्रायर पिशवीत घालून मी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. विजेच्या सामानाच्या त्या गर्दीत, जिन्याखालच्या चार फुटांत बसलेल्या कारागिराने नव्या ड्रायरकडे पाहून “त्रिकोणी स्क्रू आहेत, उघडू नये म्हणून लावतात,” असे म्हटले आणि ते उघडले. आत अभ्रकाचे दोन पातळ पत्रे एकमेकांत फुलीसारखे बसवलेले, त्यांच्या कडांवरून तापणारी नायक्रोमची बारीक तार नागमोडी गुंडाळलेली. मागे पंखा, आणि पंख्याच्या पोटात अक्रोडाएवढी मोटार. “ही डीसी मोटार,” तो म्हणाला. “हिला एवढं व्होल्टेज झेपत नाही, म्हणून तापायच्या तारेतनंच थोडी वीज काढून, ती एकाच दिशेनं सोडणाऱ्या चार डायोडमधनं हिला देतात. आतली कार्बनची टोकं झिजली की फिरते, पण रेटा नसतो.” मग त्याने जुना ड्रायर उघडला. त्यातली मोटार त्याने तळहातावर ठेवली आणि हात किंचित खाली गेला. एसी मोटार, तांब्याचे वेटोळे, थेट घरच्या विजेवर चालणारी. “वजन होतं ना ह्याला? ते हे वजन.”

नव्याची मोटार बदलता येईल का, असे मी विचारले. ती पंख्यासकट एकत्र बसवलेली असते, सुटी मिळत नाही, असे कळले. जुन्याला वायर टाकायचे 180 रुपये झाले. ते देऊन मी निघणार, तेवढ्यात त्याने हाक मारली.

“ताई, त्या नव्याचं खोकं आहे का घरी? दीडशे देतो. लय भारी असतं.”

मी घरी येऊन विचारले. सासूबाईंनी त्यात गौरींचे दागिने भरून ठेवले आहेत आणि खोके देण्यास त्यांनी साफ नकार दिला आहे.