जावयाचं मिठागर

परवा मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात वाढपाच्या टेबलामागून कुणीतरी हाळी दिली, "अहो मिठागरवाले, जरा आमटी चाखून बघा, मीठ बरोबर आहे ना?" पंगतीतलं अख्खं एडिसन गाव खदखदून हसलं. त्यात एक हसू माझ्या बायकोचं होतं. मला ते शंभर लोकांत ओळखू येतं.

हे नाव मला सासरेबुवांच्या कृपेने मिळालं. ते मालवणचे. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर वाढले, पुढे हयातभर शाळेत गणित शिकवलं, आणि सध्या आमच्याकडे न्यू जर्सीत सहा महिन्यांच्या मुक्कामाला आहेत. आमच्या हॉलमध्ये 75 गॅलनची रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. माशांची टाकी म्हटलं की लोकांना गोल भांड्यात गिरक्या घेणारा गोल्डफिश आठवतो. त्याला नळाचं पाणी चालतं, चिमूटभर दाणे चालतात, मालकाचा निष्काळजीपणाही चालतो. रीफ टँकला यातलं काहीही चालत नाही. तिच्यात मासे पाहुणे असतात, घरधनी म्हणजे प्रवाळ. आणि प्रवाळाचे नखरे असे, की हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार हवेत, कॅल्शियम दहा लाख भागांत 420 च्या आसपास हवं, मॅग्नेशियम 1300, अल्कलिनिटी (म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद) 8 ते 9, आणि तीही रोज तेवढीच. आज 8 आणि उद्या साडेनऊ झाली तर स्वारी रुसून मिटून बसते. माझं स्वतःचं कोलेस्टेरॉल किती, हे मला विचारू नका.

पाणी आधी गाळण्यांच्या रांगेतून काढून अगदी कोरं करायचं, त्यात विकतचं समुद्री मीठ कालवायचं आणि दर आठवड्याला टाकीतलं दहा टक्के पाणी बदलायचं, ही माझी रविवारची पूजा. या मिठाची बादली येते. एका बादलीत सुमारे 160 गॅलन समुद्र होतो आणि तिला 80-90 डॉलर पडतात. सासरेबुवांनी पहिल्याच रविवारी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून हा सगळा विधी डोळ्यांत तेल घालून पाहिला. मग चौकशी सुरू झाली.

"जावयबापू, ह्यां मीठ तुमी इकत घेतास?"

"हो बाबा."

"डॉलर देवन?"

"हो."

"बरां. पाणी उडान जाता तेव्हा मीठ उडता?"

"नाही. मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोज उडालेल्या पाण्याच्या जागी नुसतं कोरं पाणीच घालायचं असतं, खारं घातलं तर क्षार वाढत जातात." मी खुलून सांगितलं. इतका मुद्द्याचा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"म्हणजे मीठ हयच रवता. मग परत परत कित्याक आणतास?"

"कारण दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून टाकतो ना. त्यात माशांच्या घाणीतून झालेलं नायट्रेट साठलेलं असतं."

"त्या पाण्यावांगडा मीठ जाता?"

"जातं."

"खंय?"

"मोरीत."

सासरेबुवांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. फळ्यावर उत्तर काढून झाल्यावर मास्तर जसे वर्गाकडे वळतात तसे ते माझ्याकडे वळले. "म्हणजे डॉलर देवन मीठ आणतास, पाण्यात इरगळवतास, आणि मोरीत ओततास."

शास्त्रीयदृष्ट्या या वाक्यात एकही चूक नाही. तीच तर चीड आहे.

त्या रात्री मालवणला व्हिडिओ कॉल झाला आणि जावयाच्या मिठाची वार्ता मेढ्यापासून देवबागपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. समुद्र इथून किती लांब? सँडी हूक पाऊण तासावर आहे म्हटल्यावर ते चपला घालून दारात उभे. बादल्या घेऊ, गाडीत टाकू, फुकटचा समुद्र घेऊन येऊ. त्यांना सांगितलं की तिथे हडसन आणि रॅरिटन या दोन्ही नद्यांचं पाणी येऊन मिसळतं, क्षार कमी भरतात, शिवाय सबंध न्यूयॉर्क बंदराची घाण त्यात उतरते. यावर ते एवढंच म्हणाले, "मगे थयले माशे मेले काय सगळे?" याला माझ्याकडे चांगलं लांबलचक उत्तर आहे. कुणाला हवं असल्यास कळवावं.

माशांचा हिशेब वेगळा. क्लाउनफिशची जोडी पाहून त्यांनी भाव विचारला. पन्नास डॉलर. वजन? मी कधी केलेलं नाही. "धा-धा ग्राम धरूया," असं म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं. "किलोक अडीच हजार डॉलर. आणि खावचे नाय." सुरमईने इतका भाव जन्मात पाहिला नसेल. विषय बदलावा म्हणून मी सांगायला गेलो की हे मासे जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला थोरला, दांडगा असतो तो मादी होतो, आणि ती मेली की तिचा नवरा मादी होऊन गादी चालवतो. मला वाटलं आता तरी बाबा थक्क होतील. ते म्हणाले, "आमच्या पतपेढीत असाच असा. चेअरमन गेलो की व्हाइस-चेअरमन आपसूक फुगता."

इथवर मी सहन करत होतो. मग तो शनिवार उजाडला. मंडळातली चार घरं पोह्यांना आली होती. कुणी टाकीपाशी उभं राहिलं की माझं काळीज सुपाएवढं होतं, आणि पहिला प्रश्न येतो तो "किती पडले?" किंवा "लाइट बिल किती येतं?" त्या दिवशीही तेच चाललं होतं. मी हॅमर कोरल नावाच्या प्रवाळाचे झुलणारे हिरवे गोंडे दाखवत होतो आणि समोरचा गृहस्थ पंपाचे वॅट मोजत होता. तेवढ्यात सासरेबुवा बशी खाली ठेवून उठले, टाकीपाशी आले, आणि कुणाला काही कळायच्या आत उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात बुडवून त्यांनी ती जिभेवर टेकवली.

"बाबा, नको!" मी ओरडलो. उगाच नाही. टाकीत झोअँथिड नावाचे प्रवाळासारखे जीव आहेत, दगडावर बटणांसारखे दिसतात ते. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तो दगड हाताळायचा तर मी हातमोजे आणि चष्मा चढवतो. बोटाला लागलेल्या पाण्याने काही होत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक आहे. पण सासरा आपल्याच हॉलमध्ये, बायकोच्या देखत, पाहुण्यांसमोर, आणि पोह्यांनंतर… माणसाच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन जातं.

सासरेबुवांनी डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावली. खोलीत चिडीचूप.

"अळणी असा."

बस. बशा हातातून पडायच्या बाकी राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या बादल्या ओतून अळणी?" दुसरा म्हणाला, "मग काका, किती चमचे घालू?" सासरेबुवांनी गंभीरपणे पाण्याची उंची पाहिली आणि अंदाज सांगितला. तो मूठींत होता.

मी क्षार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, सगळ्यांसमोर थेंब टाकून उजेडाकडे धरला. रेघ 35 वर. कुणाला बघायचं नव्हतं. बिनयंत्राची, पासष्ट वर्षं सुका बांगडा खाल्लेली जीभ त्यांना जास्त विश्वासाची वाटली. पाहुणे गेल्यावर मी उपकरण प्रमाणित द्रावणाने तपासून पुन्हा मोजलं. 35. मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर अरबी समुद्र खरोखरच जगाच्या सरासरीपेक्षा खारट. बाष्पीभवन दांडगं, उत्तरेला तर क्षार 36 च्याही वर. म्हणजे फरक हजारात एखाद्या भागाचा. तेवढा जिभेला कळणं शक्य नाही. शक्य नाहीच.

बोटाचं पुराण एवढ्यावर संपलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ते बोट फोडणीच्या तेलाचं होतं. टाकीखाली प्रोटीन स्किमर असतो. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्यावर चढणारी घाण तो फेसातून वरच्या कपात गोळा करतो. तेलाचा अंश लागला की फेस मरतो. संध्याकाळी पाहिलं तर एरवी कपाच्या गळ्याशी चढणारा तपकिरी फेस पार बसलेला, आणि पाण्यावर हळदीच्या रंगाचा एक गोल डोळा तरंगत होता. मी टिपकागद घेऊन तो टिपत बसलो. बायको म्हणाली, "बाबांना काही बोलू नकोस हं." मी काय बोलणार?

तरी एकदा बोलणं निघालंच, आणि ते विनोदाचं नव्हतं. संध्याकाळी टाकीचे दिवे निळे होतात. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्याच्यावर जगतो; म्हणून हा खटाटोप. बाबांनी विचारलं, कसले दिवे? मी म्हटलं, एलईडी. त्यांचा चेहराच उतरला. मालवणच्या किनाऱ्यावर हा शब्द शिवीच्या जागी आहे. रात्री खोल समुद्रात होड्यांवर जनरेटर लावून प्रखर दिवे पेटवायचे, उजेडाला भुलून आलेली मासळी लहान-मोठी न बघता उपसायची. 2017 सालापासून बंदी आहे. दिवे मात्र अजून किनाऱ्यावरून दिसतात, असं बाबा सांगतात. त्यांच्या भावाच्या रापणीला कधी कधी डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या प्रवाळाला कायद्याने वाघाइतकं संरक्षण आहे, तोडला तर तुरुंग. आणि त्याच्यावर पाय देऊन पर्यटक फोटो काढतात. हे सगळं ऐकून मला वाईट वाटलं. पण त्याचा जाब माझ्या हॉलमध्ये का? तेव्हापासून ते जेवताना टाकीकडे पाठ करून बसतात, आणि मीही दिवे जेवणं उरकल्यावरच निळे करतो. प्रवाळांचं वेळापत्रक बिघडलं, ते कुणी धरत नाही.

या सगळ्या छंदात त्यांना पसंत पडलेली वस्तू एकच. मिठाच्या बादल्या. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, रबराची कड. "ह्येच्यात सोलां बरी रवतली," म्हणत त्यांनी परतीच्या सामानासाठी गॅरेजमधल्या रिकाम्या बादल्या धुऊन उन्हात लावल्या. काल रविवारी पाणी बदलायला गेलो, तर नवी, अर्धी भरलेली बादलीही त्या रांगेत पालथी.

"बाबा, यातलं मीठ कुठे ओतलंत?"

"खंय म्हणजे? मोरीत. तुमी तरी खंय ओततास?"