४५ विरुद्ध १०

सुमोतला सर्वात मोठा मंगोलियन पैलवान कोण, असं विचारलं की सगळे हाकुहोचं नाव घेतात. बरोबरच आहे. ४५ विजेतेपदं, २०१० मध्ये सलग ६३ लढती जिंकलेल्या. ४५चा विक्रम कुणी मोडेल असं वाटत नाही. तरी माझं मत तेरुनोफुजीला. त्याची विजेतेपदं १०. हाकुहोवाल्यांनी चिडण्याआधी पुढचं वाचा.

सुमोतला हेया म्हणजे आपल्याकडची तालीमच समजा. वस्तादाच्या जागी ओयाकाता. राहणं, खाणं, मेहनत सगळं एका छताखाली. फरक आहे तो हिशेबाचा. एकूण सहा श्रेण्या. वरच्या दोन श्रेण्यांतल्यांना महिन्याचा घसघशीत पगार आणि दिमतीला पोरं. खालच्या चारांत पगार नाही. उलट स्वयंपाक, झाडलोट आणि मोठ्यांची कामं करायची. दर दोन महिन्यांनी स्पर्धा, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर क्रमवारी नव्याने लागते. जखमी होऊन घरी बसलात तर त्या सगळ्या लढती हरल्यातच जमा. पूर्वी दुखापतीला थोडी सूट होती, ती २००४ पासून बंद झाली.

उलानबातरचा गान-एर्देने, म्हणजेच तेरुनोफुजी, शाळकरी वयात जपानला तोत्तोरीच्या शाळेत आला आणि २०११ मध्ये सुमोत उतरला. मार्च २०१५ मध्ये त्याने हाकुहोची सलग ३६ विजयांची मालिका तोडली. मे महिन्यात पहिलं विजेतेपद आणि लगेच ओझेकी, म्हणजे योकोझुना या सर्वोच्च पदाच्या फक्त एक पायरी खाली. वय २३. त्याच वर्षी गुडघा गेला.

मार्च २०१७, ओसाका. चौदाव्या दिवशी समोर कोतोशोगिकु, गमावलेलं ओझेकीपद परत मिळवायला धडपडणारा, प्रेक्षकांचा लाडका. तेरुनोफुजी सुरुवातीलाच भिडायचं सोडून बाजूला सरकला आणि जिंकला. नियमात बसतं ते, पण लोकांना खपत नाही. इतपत नाराजी मलाही पटते. पण गर्दीतून आवाज आले, ‘मंगोलियाला परत जा!’ जपानी पैलवान असाच बाजूला सरकला तर त्याला कुठे जायला सांगतात? दुसऱ्या दिवशी जपानी योकोझुना किसेनोसातोने, डावा खांदा दुखावलेला असताना, त्याला लागोपाठ दोनदा हरवून विजेतेपद नेलं. सगळा जपान रडला. समोरच्याच्या गुडघ्यांची चौकशी करायला तेव्हा कुणाला वेळ नव्हता.

मग घसरण. दोन्ही गुडघे, मधुमेह, मुतखडे. २०१७ मध्ये ओझेकीपद गेलं, पुढच्या वर्षी पगारही गेला. निवृत्त होतो म्हणून तो ओयाकातांकडे एकदा नाही, अनेकदा गेला. त्याच्या हेयाचे, म्हणजे इसेगाहामाचे, ओयाकाता स्वतः जुने योकोझुना, आसाहिफुजी. त्यांचं उत्तर ठरलेलं: आधी बरा हो, मग बोलू.

मार्च २०१९. पुन्हा ओसाकाच, पण आता खालून दुसऱ्या श्रेणीत. या श्रेणीच्या लढती सकाळी होतात, बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. समोर नवशिकी पोरं. ओझेकी राहिलेला माणूस तिथे लंगोट बांधून उभा राहिल्याचं उदाहरण नव्हतं. सातही लढती जिंकला, आणि विजेतेपदाच्या जादा लढतीत रोगा नावाच्या दुसऱ्या मंगोलियनकडून हरला!

आता ही गंमत बघा. योकोझुनाला खाली उतरवत नाहीत. झेपेनासं झालं की निवृत्तीच. खांदा दुखावलेल्या किसेनोसातोने जानेवारी २०१९ मध्ये तेच केलं, तेरुनोफुजी परतण्याच्या दोनच महिने आधी. २०१७ मधली ती लढत उलटी झाली असती, विजेतेपदं जमली असती आणि तेरुनोफुजी तेव्हाच योकोझुना झाला असता, तर त्याचंही तेच झालं असतं. ज्या निर्दय शिडीला मी वर नावं ठेवली, तिने त्याला खाली पाडलं खरं, पण बाहेर काढलं नाही.

पुढचं वेगाने झालं. जुलै २०२०, करोनामुळे मोजकेच प्रेक्षक; अव्वल श्रेणीच्या अगदी तळाच्या क्रमांकावरून त्याने विजेतेपद मारलं. पहिल्यानंतर पाच वर्षांनी. २०२१ च्या मार्च आणि मेमध्ये आणखी दोन, पुन्हा ओझेकी आणि जुलैमध्ये ७३वा योकोझुना. त्याच वर्षी जपानी नागरिकत्व घेतलं. हाकुहो निवृत्त झाल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ हा एकटाच योकोझुना. गुडघ्यांमुळे अनेक स्पर्धांत उतरलाच नाही किंवा मधेच बाहेर पडला, हे मान्य. पण दहा विजेतेपदांचं ध्येय त्याने बोलून दाखवलं होतं आणि जुलै २०२४ मध्ये नागोयात ते गाठलं. जानेवारी २०२५ मध्ये थांबला.

हाकुहोलाही काही आयतं मिळालं नाही. २००० साली १५ वर्षांचा, ६२ किलोचा तो पोरगा कुठल्याच हेयाला नको होता. पण एकदा वर पोचल्यावर त्याला खालून पुन्हा सुरुवात करावी लागली नाही. माझं पारडं झुकतं ते इथे.

बरं, एका शिष्याने केलेल्या मारहाणीच्या प्रकरणानंतर हाकुहोचा स्वतःचा हेया २०२४ मध्ये बंद झाला आणि त्याला शिष्यांसह इसेगाहामात जावं लागलं. जून २०२५ मध्ये त्याने सुमो संघटनाच सोडली. त्याच महिन्यात इसेगाहामाची सूत्रं आली तेरुनोफुजीकडे.

४५वाल्यांनो, बोला आता.