खाद्यविभक्ती आणि आईलोप

ज्या कुणी 'पोटफोड्या ष' हे नाव काढलं, त्याच्या पायावर डोकं ठेवावं. 'मूर्धन्य' अशी ओळख करून दिलेला ष कुणाच्या लक्षात राहिला असता? हे मला कळलं, कारण सध्या माझ्याकडे एका भाषेचं व्याकरण लिहायचं काम आहे. भाषा माझ्या भाचीने सुट्टीत बनवली.

"मामा, खायच्या वस्तूला शेवटी झ लागतो. पोळीझ, आंबाझ."

"मग दुधीझ?"

"दुधी काय खायची वस्तू आहे?"

मी प्रत्ययाला 'खाद्यविभक्ती' म्हटलं आणि दुधीसाठी 'अभक्ष्यापवाद' असा भारदस्त शब्द काढला. "शाळेतल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. याहून मोठी शिवी तिच्याकडे नाही.

मग मोठ्यांनी काय केलं ते बघायला गेलो. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात एस्पेरांतो या आपण बनवलेल्या कृत्रिम भाषेचं पुस्तक काढलं. नियम सोळाच, अपवाद नाही. पण पाच अक्षरांवर टोप्या चढवल्या, एस्पेरांतोवालेही त्यांना सरळ टोपीवाली अक्षरंच म्हणतात. कीबोर्डावर टोपी नसेल तर पुढे एक्स लावतात. एक्स त्यांच्या वर्णमालेत नाहीच, त्यामुळे बिचारा रिकामाच होता. संमेलनात कुणी आपल्या मातृभाषेत गप्पा मारायला लागला तर त्याला 'क्रोकोदिली', म्हणजे 'मगरणे', असं क्रियापद आहे. आणि अगम्य मजकुराला? 'वोलापुकाझो', वोलाप्युक या आधीच्या कृत्रिम भाषेवरून. भाऊबंदकी काही सुटत नाही!

'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांसाठी बनवलेल्या क्लिंगॉन भाषेत तर लहान क्यू आणि मोठा क्यू ही दोन वेगळी अक्षरं. वाक्य मोठ्या अक्षराने सुरू करायचं वळण ज्याला इंग्रजीच्या बाईंनी छडीने लावलंय, तो पहिल्याच शब्दात गारद. या खोडीला मी 'फुगीर क्यू' म्हणतो. भाचीने मान्यता दिली.

त्या जोरावर तिचा सगळ्यात अवघड नियम घेतला: आई खोलीत असेल तर शब्दाचं पहिलं अक्षर गिळायचं. मी नाव दिलं, 'आईलोप'. ती खूश! तेवढ्यात ताई आत आली.

"मामा, बाइल दे ना," भाची म्हणाली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. "कुणाची बाईल?"

"मोचा लोप झालाय गं," मी घाईघाईने म्हणालो.

"असं? मग उरलेल्याचा मी करते," म्हणत ताईने मोबाइल उचलला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. फोन माझा होता.