संस्कृतीची चिकित्सा इंग्रजांनी आणली, असं म्हणणाऱ्यांना

एक लांबलचक संदेश गेल्या काही महिन्यांत मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. पाठवणारी माणसं प्रेमाची आहेत, त्यातली एक तर माझी सख्खी मावशी. संदेशाचा सारांश असा: पाश्चात्त्य लोक विचार करतात, आपण अनुभवतो, म्हणून त्यांची 'फिलॉसॉफी' आणि आपलं 'दर्शन' यांचा काही संबंध नाही. रूढींवर प्रश्न विचारायची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली, पूर्वजांनी कधी असं केलं नाही. प्रत्येक संस्कृतीचं सत्य वेगळं, त्यामुळे तुलना करू नये. आणि शेवटी, बाहेरच्याला आपली संस्कृती कधीच कळणार नाही.

मी तत्त्वज्ञान शिकवते. मावशीला फोनवर तोडकंमोडकं उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पुरेसं वाटलं नाही. म्हणून हे सविस्तर.

'ते विचार करतात, आपण अनुभवतो'

न्याय हे आपलं तर्कशास्त्राचं दर्शन. त्याच्या मूळ ग्रंथाचं, न्यायसूत्रांचं, पहिलंच सूत्र उघडून पाहा. ज्यांच्या ज्ञानाने माणसाचं भलं होतं अशा सोळा गोष्टींची यादी तिथे आहे. पहिलं प्रमाण (ज्ञानाचं साधन), दुसरं प्रमेय (जे जाणायचं ते), आणि तिसऱ्याच क्रमांकावर संशय. पुढे तर्क, निर्णय, वाद, जल्प (जिंकण्यासाठीचा वाद), वितंडा, हेत्वाभास (फसवी कारणं), आणि अगदी शेवटी निग्रहस्थान, म्हणजे वादात माणूस कुठे हरला हे ठरवायच्या जागा. घरात आई मुलाला 'उगाच वितंडवाद घालू नकोस' म्हणते तेव्हा ती याच यादीतला शब्द वापरत असते. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहणं, हा त्याचा मूळ अर्थ. ज्या परंपरेने वादाचे प्रकार इतके बारकाईने वेगळे केले, तिला 'फक्त अनुभव' म्हणणं हा तिचा गौरव नाही.

'दर्शन म्हणजे पाहणं, म्हणजेच साक्षात्कार' हा युक्तिवादही टिकत नाही. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलं प्रकरण चार्वाकाचं आहे. आत्मा, परलोक, मोक्ष काहीच न मानणारं मतही तिथे 'दर्शन'च आहे, आणि पुढे त्याचं खंडन येतं ते युक्तिवादाने. जयराशी भट्ट नावाचा एक विचारवंत तर याहून पुढे गेला. 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात त्याने प्रत्यक्ष, अनुमान अशी सगळी प्रमाणंच एकामागून एक डळमळीत करून दाखवली. हा ग्रंथ १९४० साली बडोद्याहून छापला गेला.

मग 'पूर्व म्हणजे अंतःप्रेरणा, पश्चिम म्हणजे बुद्धी' ही वाटणी आली कुठून? तिचा मोठा भाग युरोपातूनच आला. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने आपल्या व्याख्यानांत खरं तत्त्वज्ञान ग्रीसपासून सुरू होतं असं सांगितलं आणि भारत व चीन यांना उंबरठ्याबाहेर ठेवलं. ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झालेल्या बिमल कृष्ण मतिलाल यांनी आयुष्यभर न्याय, बौद्ध आणि जैन तर्कशास्त्र उलगडून दाखवलं, ते हाच गैरसमज खोडण्यासाठी. मावशीचा संदेश अभिमानाने लिहिलेला आहे, पण त्यातली वाटणी हेगेलचीच आहे. फक्त त्याने जे कमीपणा म्हणून सांगितलं, ते इथे भूषण म्हणून सांगितलंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

'रूढींना प्रश्न विचारायला इंग्रजांनी शिकवलं'

या मुद्द्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठी चूक इथे आहे.

बौधायन धर्मसूत्र हा आचारनियमांचा प्राचीन ग्रंथ. त्याच्या सुरुवातीलाच दक्षिण आणि उत्तर यांच्यातला एक वाद आहे. दक्षिणेकडच्या पाच रूढी सांगितल्यात: मुंज न झालेल्यासोबत जेवणं, बायकोसोबत जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं. उत्तरेकडच्याही पाच: लोकर विकणं, मद्य पिणं, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रांचा धंदा आणि समुद्रप्रवास. मग प्रश्न येतो, की यातलं चूक काय? एक मत म्हणतं, ज्या त्या प्रदेशात ती ती रूढी प्रमाण, दुसरीकडे केली तर दोष. लगेच पुढे गौतम या दुसऱ्या धर्मसूत्रकाराचं मत येतं, की हे खोटं आहे. आणि बौधायन स्वतःही दोन्हीकडच्या या रूढी नाकारतो.

आज ज्याला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात, म्हणजे योग्य-अयोग्य ज्या त्या संस्कृतीपुरतंच असतं हे मत, तो इथे मांडलाही गेलाय आणि नाकारलाही गेलाय, तोही इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधी. मामेबहिणीशी लग्न हा विषय तर महाराष्ट्रातल्या अनेक घरांतला. माझ्या आजोळी अशी दोन लग्नं झाली आहेत, आणि त्यावर जेवणाच्या पंगतीत वाद झालेले मी लहानपणी ऐकलेत. मीमांसक कुमारिल भट्टाने या चालीवर टीका केली, पुढे 'पराशरमाधवीय' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात तिची बाजू घेतली गेली, आणि विसाव्या शतकात पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा वाद पुन्हा नीट मांडून ठेवला. ही एकाच प्रश्नावरची अखंड चर्चा आहे, आणि आमच्या आजोळची पंगत तिच्याच शेपटाला कुठेतरी बसलेली होती.

मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, तर होळीवरच एक अधिकरण (एका प्रश्नाची चर्चा करणारं प्रकरण) आहे. होलाका हा सण पूर्वेकडचे लोक करतात. मग त्याला आधार म्हणून जे वेदवचन मानायचं, ते फक्त पूर्वेकडच्यांसाठी की सगळ्यांसाठी? फक्त त्यांच्यासाठीच म्हणावं, तर तिथून दुसऱ्या मुलखात राहायला गेलेल्याचं काय? तोही घरचं म्हणून सण करतोच. मथुरा सोडून गेलेल्याला लोक 'माथुर'च म्हणत राहतात, तसं. नुसता प्रदेश ही अट म्हणून पुरत नाही, आणि मीमांसक नियम सर्वसाधारण मानण्याच्या बाजूने निर्णय देतात. इंदूर, बडोदा, तंजावर इथल्या मराठी घरांत कुठले सण 'आपले' म्हणायचे यावर आजही जे बोलणं होतं, त्यात याच प्रश्नाचा धागा आहे.

आणि हे फक्त सणांपुरतं नव्हतं. 'वज्रसूची' या नावाचे दोन संस्कृत ग्रंथ आहेत, एक अश्वघोषाच्या नावावरचा आणि एक उपनिषद म्हणून गणला गेलेला. दोन्हींचा प्रश्न एकच: ब्राह्मण म्हणजे नेमकं कोण? जीव? देह? जन्म? ज्ञान? कर्म? एकेक पर्याय घ्यायचा आणि तो का लागू पडत नाही हे दाखवायचं, अशी त्याची रीत. सतराव्या शतकात ब्राह्मण घरातल्या आणि तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत आणला. हे धाडस किती होतं, याची कल्पना करा. १८३९ साली लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने अश्वघोषाची 'वज्रसूची' छापली, तेव्हा तिच्यासोबत सुबाजी बापू यांनी तिचं खंडन करण्यासाठी लिहिलेला 'टंक'ही छापला गेला. सुबाजी बापूंची बाजू मला पटत नाही. पण हल्ला आणि उत्तर एकाच पुस्तकात वाचकाच्या हाती पडले, हे मोलाचं आहे. इंग्रज इथे छापणारा होता. प्रश्न त्याने आणलेला नव्हता.

'प्रत्येकाचं सत्य वेगळं, तुलना नको'

इथे थोडक्यात दोन गोष्टी, दोन्ही इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकाच्या आसपासच्या.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की इराणच्या दारयवहू (डरायस) राजाने ग्रीकांना विचारलं, मेलेल्या बापाला खायचं काय घ्याल? ते हादरले, काहीही दिलं तरी नाही म्हणाले. मग आई-बाप मेल्यावर त्यांना खाणाऱ्या कॅलेशियन नावाच्या भारतीयांना विचारलं, बापाला जाळायचं काय घ्याल? तेही किंचाळले, असं अभद्र बोलू नका म्हणाले. चीनमध्ये मोझी या तत्त्वज्ञानेही अंत्यविधींचीच उदाहरणं घेतली: कुठे मांस गळून पडू देतात आणि हाडं पुरतात, तर छिन राज्याच्या पश्चिमेला यिछू लोक प्रेत जाळतात आणि धूर वर गेला की पूर्वज दूर वर गेले असं मानतात. दोन्हीकडे प्रेत जाळणं ही कुणाच्या तरी डोळ्यांना विचित्र वाटणारी चाल आहे. आपल्याला तर तेच सर्वांत स्वाभाविक वाटतं.

आणि दोघांचे निष्कर्ष उलटे. हेरोडोटस म्हणतो, रूढी सगळ्यांची राजा आहे, तिची टिंगल करू नये. मोझी म्हणतो, सवयीचं झालं म्हणून ते योग्य ठरत नाही, आणि लगेच आपल्याच समाजातल्या खर्चिक, लांबलचक अंत्यविधींवर टीका करतो. मला मोझी जास्त पटतो. पण कुठलाही निष्कर्ष काढायला आधी तुलना करावीच लागते. 'प्रत्येकाचं वेगळं' हे म्हणणारासुद्धा तुलना करूनच ते म्हणत असतो.

'बाहेरच्याला कळणार नाही'

पूर्ण कळत नाही, हे मान्य. पण मध्य आशियातून आलेल्या अल्बेरुनी या विद्वानाने अकराव्या शतकात संस्कृत शिकून पतंजलीचा योग आणि सांख्य दर्शन यांवरचे ग्रंथ अरबीत नेले. आपल्या भारतविषयक ग्रंथात त्याने सुरुवातीलाच सांगितलं, की हा वादाचा ग्रंथ नाही, हिंदूंचं म्हणणं आहे तसं मांडतो आणि शेजारी ग्रीकांचं मिळतंजुळतं म्हणणं ठेवतो. तो आला ते गझनीच्या महमूदाच्या काळात, स्वाऱ्यांच्या सावलीत, आणि हिंदूंवर त्याची बोचरी टीकाही आहे. तरी आपल्या विचारांचं इतकं प्रामाणिक वर्णन तेव्हा दुसऱ्या कुणा परक्याने केलेलं मला माहीत नाही.

याहून जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. १९८३ साली दया कृष्ण, मे. पुं. रेगे हे तत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडित आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं. विषय होता इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची 'प्रपोझिशन'ची, म्हणजे खरं किंवा खोटं ठरू शकणाऱ्या विधानाची, कल्पना. ती संस्कृतात मांडली गेली, आणि नैयायिकांनी, म्हणजे न्यायाच्या पंडितांनी, तिच्यावर आपल्या पद्धतीने हल्ला चढवला: हा वाक्यार्थ आहे का, ज्ञान आहे का, की या दोन्हींत न बसणारं तिसरंच काही? रसेल इंग्लंडमध्ये बसून लिहीत होता तेव्हा त्याने हे प्रश्न अपेक्षिलेले नसणार.

पण संवादाची ही वाट एकाच दिशेची राहिली नाही. अशाच संवादांच्या ओघात पंडित बदरीनाथ शुक्ल यांनी एक निबंध मांडला: न्यायाच्या चौकटीत राहूनच, देहाहून वेगळा आत्मा न मानता भागेल का? आत्म्याची कामं मनाकडे सोपवता येतील का? आयुष्य न्यायात घालवलेल्या एका वृद्ध पंडिताने आपल्याच दर्शनाचा मुख्य खांब हलवून पाहिला, आणि तोही संस्कृतात, न्यायाच्याच पारिभाषिक शब्दांत.

मावशीला आता हाच निबंध वाचून दाखवायचा आहे. त्याचा मराठी गोषवारा मी करायला घेतलाय.